भरपूर सूर्यप्रकाश

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण ज्याने केली, त्याने स्वतःचं घर कधी विकलेलं नसावं. विकलं असतं तर म्हणीला आणखी एक शेपूट जोडल्याशिवाय तो गप्प बसला नसता. घर बांधताना गवंड्याशी भांडता येतं, लग्नात व्याह्यांशी भांडता येतं. घर विकताना भांडायला समोर कोणीच नसतं. उलट ज्या घराला आपण चाळीस वर्षं नावं ठेवली, त्याची परक्या माणसापुढे तोंडभरून स्तुती करावी लागते. आणि खरं सांगतो, जीभ अडखळते.

आमचं घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत. वडिलांनी १९६१ साली बांधलं, तेव्हा गावाला सगळे चांदाच म्हणत. आमच्या गावाला गोंड राजांनी बांधलेला तट आहे. त्याला चार दरवाजे : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. आमचं घर यातल्या शेवटच्या खिडकीपासून पाच मिनिटांवर. जन्मभर मला त्याचं काही वाटलं नाही. शेवटी तिकडे सगळ्यांनाच जायचं आहे. आपलं जाणं जरा सोयीचं होईल, एवढाच विचार मी करत असे.

पण दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि नागपूरचा मुलगा म्हणाला, "बाबा, आता तिथे दोघंच काय करता? घर काढा आणि इकडे या." सौ.ने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मला लग्नाला एवढी वर्षं झाली तरी ओळखता येत नाही. मी सोयीचा अर्थ घेतला.

घर विकायचं म्हणजे एजंट आला. पूर्वी त्याला दलाल म्हणत. आता तो शब्द कोणाला खपत नाही, दलाली मात्र खपते. मी चंद्रपुरात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. त्यामुळे गावात कुठल्याही धंद्यातला माणूस गाठावा, तो माझ्या हातून एकदा तरी नापास झालेला निघतो. आमचा एजंट निबंधात झाला होता. विषय होता 'माझे घर'. दहा ओळींत त्याने 'माझे घर मला खूप आवडते' हे वाक्य चार वेळा लिहिलं होतं. मी दहापैकी दोन गुण दिले होते. एक दिवस माझंच घर त्याच्या निबंधात सापडणार, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा. आता एअरकंडिशन लावलेल्या ऑफिसात तो पुढे बसला होता आणि मी शेवटच्या खुर्चीवर.

"सर, तुम्ही कायले टेन्शन घेता? तुमचं घर म्हणजे माझं घर."

मला तो निबंध आठवला.

बोलणं झालं ते असं : दलाली दोन टक्के आणि जाहिरातीचा खर्च निम्मा-निम्मा. मग त्याने हॉटेलातल्या पोऱ्याने राईसप्लेटपासून सुरुवात करावी तशा जाहिरातींच्या जाती सांगितल्या. पेपरातली, फ्लेक्सवरची, पत्रकाची आणि ड्रोनची. कुठली चांगली, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सगळ्याच." निम्मा खर्च माझा होता, त्यामुळे त्याला निवड करण्याची घाई नव्हती.

पहिली जाहिरात एका दैनिकात आली. "चंद्रपुरात प्रशस्त, हवेशीर, भरपूर सूर्यप्रकाश असलेले घर. निसर्गाच्या सान्निध्यात. आध्यात्मिक परिसर. त्वरा करा."

"आध्यात्मिक परिसर म्हणजे रे काय?" मी विचारलं.

"मसण खिडकी, सर. तसं थोडंच लिहिता येते?"

बाकीची वाक्यं त्याने पुण्या-मुंबईच्या जाहिरातींतून जशीच्या तशी उचलली होती. नक्कल करण्याची सवय जुनीच. पण नक्कल करताना शेजाऱ्याचा प्रश्न तोच आहे ना, एवढं तरी बघावं! पुण्याच्या माणसाला 'भरपूर सूर्यप्रकाश' वाचून बरं वाटत असेल. आमच्याकडे २०१९ च्या मे महिन्यात पारा ४८ अंशांवर गेला होता. अशा गावात भरपूर सूर्यप्रकाश ही जाहिरात नव्हे, धमकी आहे. चंद्रपूरचा माणूस घर बघायला येतो तो ऊन कुठून येतं ते बघत नाही, कुठून येत नाही ते बघतो. आणि निसर्गाचं सान्निध्य? पुण्यात त्याचा अर्थ गॅलरीतून दिसणारी टेकडी. आमच्या डोक्यावर ताडोबाचं जंगल. २०२२ च्या फेब्रुवारीत औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने माणूस मारला. आमच्याकडे निसर्ग सान्निध्यात आला की लोक दार लावून घेतात.

या जाहिरातीवर नऊ फोन आले. पाच दुसऱ्या एजंटांचे होते, "तुमचं घर आमच्याकडे द्या." दोघांना भाड्याने हवं होतं. एकाला आम्हाला पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकायचं होतं. नववा फोन वरोऱ्याच्या चुलतभावाचा. "घर विकून रायला आन् मले पेपरात वाचा लागते?" त्याच्या वडिलांनी केव्हाच हक्कसोडपत्र करून दिलं होतं, पण ते शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. ते शेवटी गव्हाच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत निघालं. त्याच पेटीत आखीव पत्रिका सापडली. शेताला सातबारा तशी आमच्याकडे गावातल्या जागेला आखीव पत्रिका. जाहिरातीचा एवढा एक फायदा झाला, की घराचे कागद वर आले. खरं म्हणजे ते आधी काढायचे असतात, जाहिरात मागून द्यायची असते. पण हा शहाणपणा विकत मिळतो, आणि त्यावर सवलत नसते.

दुसरी जाहिरात म्हणजे चौकातला फ्लेक्स. दहा फूट रुंद. त्यात आठ फुटांत काळा चष्मा लावून हात जोडलेला आमचा एजंट, आणि उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं आमचं घर. लोकांना वाटलं तो महानगरपालिकेला उभा राहतो आहे. चार जण येऊन पाठिंबा देऊन गेले. फ्लेक्सवर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोनही होता. नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक घालावा लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडसुद्धा, म्हणजे मोबाईल लावला की प्रकल्पाची सगळी माहिती दिसावी. आमच्या १९६१ च्या घराला यातलं काहीच लागू नव्हतं. "पण सर, कोड असला की वजन पडते," तो म्हणाला. मी शेजारच्या पोराकडून मोबाईल लावून बघितला. एजंटच्या वाढदिवसाचा व्हिडिओ सुरू झाला. केक चांगला होता.

तिसरी पत्रकं. ती त्याने चैत्रात महाकालीच्या यात्रेत वाटली. यात्रेला मराठवाड्यातून हजारो माणसं येतात. "एवढी गर्दी फुकट मिळते, सर!" गर्दी मिळाली. संध्याकाळी नांदेडकडची तीन कुटुंबं पत्रक हातात घेऊन अंगणात उभी राहिली. त्यांना घर विकत नको होतं, रात्रीपुरतं हवं होतं. सौ.ने छपरीत सतरंज्या टाकल्या. सकाळी त्यांच्यातल्या म्हातारीने विहिरीचं पाणी ओंजळीने पिऊन सांगितलं, "गोड हाय बाई पाणी." त्या शेऱ्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. जाहिरातीचा तज्ज्ञ तर झोपला होता.

चौथा ड्रोन. तो आकाशातून आमच्या घरावर घिरट्या घालून गेला. व्हिडिओला बासरीचं संगीत आणि 'हेरिटेज व्हिला' असं नाव. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं होतं. आमच्या छताच्या नाटा आलापल्लीच्या सागाच्या. एवढ्या धाग्यावर त्याने "अयोध्येला गेलेले तेच सागवान" असं निवेदन ठोकून दिलं होतं. तेच कसं असेल? ते तिकडे गेलं ना! शिवाय गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि त्यांना कावळ्यांपासून राखत बसलेला बनियनमधला मी, हे दोन्ही स्पष्ट दिसत होतं. पुण्याच्या भाचीने फोन करून विचारलं, "मामा, तुम्ही किमतीतच आहात की वेगळे?"

तेव्हा मात्र माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. जाहिरात मीच लिहायची ठरवली. रात्री दोन वाजेपर्यंत बसून लिहिली. आईने लावलेला मोगरा, वडिलांची आरामखुर्ची, पहिल्या पावसात कवेलूंवर वाजणारे थेंब, सगळं आलं. चांगली चार पानं झाली. एजंटाने ती उभ्याउभ्या वाचली आणि चष्मा पुसला.

"सर, डोळ्यांत पाणी आलं. पण याच्यात खोल्या किती हायेत ते नाही."

दहापैकी दोन, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. संस्कार चांगले म्हणून बोलला नाही.

इतके दिवस सौ. गप्प होती. पण किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर तिने हिशेब ठेवला होता. कुठल्या जाहिरातीला किती पैसे गेले, किती फोन आले, किती माणसं प्रत्यक्ष घर बघून गेली. शेवटच्या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. नांदेडची मंडळी धरली तर सतरा, पण त्यांनी सकाळी नमस्कार केला आणि गेली. तिने वही माझ्यापुढे ठेवली.

"या सगळ्या जाहिरातींत आपलं घर कुठे आहे हो?"

"म्हणजे काय?"

"प्रशस्त, हवेशीर, सूर्यप्रकाश. हे पलीकडच्या घराला लावलं तरी चालतं. बल्लारपूरच्या घराला लावलं तरी चालतं. फ्लेक्सवर तर तुमचा विद्यार्थी विकायला काढलेला आहे. आणि तुमच्या चार पानांत तुम्ही."

एकतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की निबंध गाईवर असेल तर गाय दिसली पाहिजे. ते वाक्य असं घरपोच परत येईल, अशी कल्पना नव्हती.

तिने कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, नातवाचा जाड स्केचपेन घेतला आणि लिहिलं :

"घर विकणे आहे. पाच खोल्या, छपरी, अंगण. नाटा सागाच्या. आखीव पत्रिका आमच्या नावावर. जुलै २०२२ च्या पुरात पाणी आले नाही. कवेलू दोन वर्षांत बदलावी लागतील. विहिरीला मे महिन्यातही पाणी असते. शेजारची सहा घरे उन्हाळ्यात भरतात, त्यांना भरू द्यावे लागेल. मसण खिडकी पाच मिनिटे."

आणि पुठ्ठा फाटकाला तारेने बांधला.

एजंट धावत आला. "काकूंनी घर विकाले काढलं का विहीर, सर? आन् स्वतःचे दोष कोणी स्वतः सांगते का जी? मसण खिडकी तं मी कशी मेहनतीनं झाकली होती!"

"येणाऱ्याला दिसणारच आहे ती," सौ. म्हणाली. "त्याला आधी समजलं तर तो येतानाच समजून येईल. आल्यावर समजलं तर तो बाकीचंही खोटंच धरेल."

पुठ्ठ्याने पहिल्या चार दिवसांत जे केलं ते चारही जाहिरातींना मिळून दोन महिन्यांत जमलं नव्हतं. अकरा माणसं घर बघून गेली. त्याचं कारण आम्हाला मागाहून कळलं. त्या सहा घरांनी पुठ्ठ्याचे फोटो काढले आणि आपापल्या सोयऱ्याधायऱ्यांत मोबाईलवरून फिरवले. पुढचा मालक पाणी भरू देणारा यावा, ही गरज त्यांचीच होती. आम्ही एक एजंट नेमला होता, विहिरीने सहा नेमले. तेही बिनदलालीचे.

अकरांतला एक माणूस एजंटनेच आणला. बिल्डर. त्याने घर बघितलंच नाही, पावलांनी जागा मोजली. आकडा मात्र आमच्या अपेक्षेपेक्षा दोन लाखांनी जास्त सांगितला. "विहीर आधी बुजवावी लागेल," तो म्हणाला, "पार्किंग तिथंच निघते." मुलाने नागपूरहून फोनवर हिशेब करून दाखवला. दोन लाख म्हणजे माझे दोन्ही गुडघे जवळजवळ फुकटात. मी त्या रात्री झोपलो नाही. शहाणपण मी इथे दाखवतो आहे, पण दोन लाख ही रक्कम अंधारात फार मोठी दिसते. पहाटे विहिरीवर घागरींचा आवाज सुरू झाला. एप्रिल संपत आला होता, नळाला एक दिवसाआड पाणी. सौ. जागीच होती. तीही काही बोलली नाही, मीही नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात, टळटळीत दुपारी दोन वाजता, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला एक उंच माणूस फाटकात उभा राहिला. गडचिरोली जिल्ह्यातला, निवृत्त वनरक्षक. मुलगी चंद्रपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकत होती. तसं आमचं भाऊबंदकीचंच नातं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा आमच्यातून वेगळा निघाला. त्या वाटणीत जंगलाचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे गेला, कोळसा आणि धूर आमच्याकडे राहिला.

"दुपारच्या पारी काहून आलात? संध्याकाळी यायचं," मी म्हणालो.

"मे महिन्याचं पाणी मे महिन्यातच पाहा लागते, गुरुजी."

तो सरळ विहिरीवर गेला. काठाच्या दगडावर दोरीने पडलेले काचे बोटाने चाचपले. खडा टाकून कान दिला. पाणी काढून चूळ भरली, मग प्याला. घरात येऊन नाटेवर बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि नुसता 'हं' म्हणाला. आलापल्लीला त्या 'हं'ची किंमत काय आहे ते मला माहीत आहे. मग त्याने हळूच विचारलं, "खाली जुनी खाण तं नाही ना जी? घुग्घुसले झालं तसं?" घुग्घुसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं होतं. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. इतर गावांत घराच्या वर काय बांधता येईल ते विचारतात, आमच्या जिल्ह्यात घराच्या खाली काय आहे ते आधी विचारावं लागतं.

"चाळीस हातांपर्यंत पाणीच आहे. त्याच्या खालची खात्री मी देत नाही."

तो हसला. "शेजारचे किती घरं भरतेत म्हणता?"

"सहा."

"मंग बराबर हाय. सहा घरं जेथं मे महिन्यात येतेत, तेथलं पाणी खोटं नसते."

एजंटला जो दोष वाटत होता, तो या माणसाला पुरावा वाटला.

पैसे त्याच्याकडे आमच्या आकड्याइतकेच होते, वर एक रुपया नाही. सौ.ने माझ्याकडे बघून मान हलवली. या वेळी तिचा अर्थ मला पहिल्यांदाच बिनचूक कळला. इसार झाला. विक्रीपत्र त्याने बायकोच्या नावावर करून घेतलं. बाईमाणसाच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. दस्त लिहिणाऱ्याला शेजाऱ्यांच्या पाण्याचं वाक्य कुठल्या कलमात घालावं ते कळेना. "असं कोणी लिहीत नाही जी," तो म्हणाला. वनरक्षक म्हणाला, "लिहा. उद्या माझ्या पोरीले आठवण राहीन."

बाहेर आल्यावर एजंट डोकं खाजवत उभा होता. दोन लाखांवरचे दोन टक्के, म्हणजे चार हजार त्याचे बुडाले होते.

"नुकसान झालं, सर. निदान त्या निबंधाचे गुण तं वाढवा."

आता आम्ही नागपुरात सातव्या मजल्यावर राहतो. मुलाने फ्लॅट घेतला तेव्हाची जाहिरात मी परवा कपाटात बघितली. भरपूर सूर्यप्रकाश, असं तीत होतं, आणि ते अक्षरशः खरं आहे. पाणी टँकरने येतं. ते जाहिरातीत नव्हतं. पुठ्ठा सौ.ने सोबत आणला आहे आणि दाराच्या मागे उभा करून ठेवला आहे. का, ते मी विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात एजंटचा मोबाईलवर निरोप आला. नव्या घराची जाहिरात स्वतः लिहिली होती, सरांनी तपासून द्यावी अशी विनंती. मी वाचली.

"तुकूमला घर विकणे आहे. चार खोल्या. नळाला पाणी एक दिवसाआड. डास आहेत. दुपारी स्वयंपाकघरात ऊन येत नाही. मालक फार भांडखोर आहे, पण तो जाणार आहे."

मी दहापैकी सात दिले. तीन कापले, कारण फोन नंबर लिहायचा राहिला होता.